बिनकानाचे सहा कप

माझ्या थोरल्या नणंदेचा आहेर नीट पाहून मग हसतमुखाने घेणारा माणूस बालाघाटात अजून जन्माला यायचाय. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर ताईंनी घरामागे भट्टी घातली आणि चिनी मातीची भांडी भाजायला घेतली. निळ्या वेली, मोर, कमळं. दुरून बघाल तर वाटेल, बाई किती सोज्वळ! जवळून बघाल तर मेलात. जवळच्या भरवेली गावातल्या एका लग्नात त्यांनी अशीच देखणी थाळी दिली. नवरदेवाच्या आईने ती दोन महिने काचेच्या कपाटात मिरवली. मग कुणा चष्मेवाल्या पाहुण्याला दिसलं, की थाळीभर पसरलेली ती वेल मुलीच्या बापाच्या खिशातून निघते आणि थेट नवरदेवाच्या मोटरसायकलच्या टाकीत शिरते. झालं! थाळी माळ्यावर गेली, बोलणं बंद झालं. "ताई, तुमी काहून असं करता?" मी कळवळून विचारलं. "मी कुठं काई बोलली? मी तं आहेर केला," म्हणाल्या आणि शांतपणे चाकावर बसल्या.

वॉर्डातल्या एका नेत्याला त्यांनी सुरई दिली. तिच्यावर नळ, नळाखाली बायकांची रांग, आणि नळातून पाण्याऐवजी भाषणाचे कागद गळतायत. "वाह दीदी, क्या कलाकारी है!" म्हणत त्याने ती कौतुकाने टेबलावर मांडली. ताई आठवडाभर उदास. "समजलंच नाही वं त्याले," एवढंच म्हणायच्या. भांडणाचं त्यांना काही वाटत नसे. न समजण्याचं फार वाटे.

मला या सगळ्याची भारी मजा वाटायची. दुसऱ्याची कपाटं होती ना!

मग एकदा ताई आमच्याकडे चार दिवस राहिल्या. आमच्याकडे सुमनबाई बारा वर्षं धुणीभांडी करते. तिचा चहाचा कप वेगळा, कान तुटलेला, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला. कुणी ठरवून तसं केलं नव्हतं, असं मी अगदी आत्तापर्यंत म्हणत आले. ताईंनी तो पाहिला, हातात घेतला, परत ठेवला. महिन्याने खोकं घेऊन आल्या. आत सहा कप, सगळे पांढरेशुभ्र, वेल नाही की मोर नाही. आणि एकालाही कान नाही.

माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसला असावा. हळूच म्हणाल्या, "माह्या आईच्या खिडकीतबी होता असा. मी लग्न होईस्तोवर पाह्यला. बोलली नाही."

चहा त्यांनीच केला. चार कप ट्रेमध्ये मांडून सुमनबाईपुढे धरला. "घ्या, कोणताबी." सुमनबाईने ट्रेकडे पाहिलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, इतकी कधी वाटली नव्हती. "घ्या ना," मी म्हणाले. "हौ," म्हणून तिने एक उचलला, उभ्यानेच प्यायली, धुतला, पुसला आणि खिडकीत नेऊन ठेवला.

ताईंचे हात आता थरथरतात; भट्टी थंडच असते. फोनवर दर वेळी विचारतात, "कप कुठं हाय?" मी तो रोज संध्याकाळी उचलून फळीवर बाकीच्या पाचांत ठेवते. दुसऱ्या दिवशी सुमनबाई त्यांतला कुठलातरी घेते, चहा पिते, आणि काम आटोपून गेली की कप पुन्हा खिडकीत असतो.