नाव मोकळं आहे का?

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढी नावं आमच्या आत्याच्या मालकीची आहेत, तेवढी दुसऱ्या कोणाच्याही मालकीची नसतील, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. जमीन म्हणाल तर तिच्याकडे गुंठाभरही नाही. नांदेडला दोन खोल्यांचं घर, दाराशी जास्वंद, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि लग्न न करता आखलेलं एकटीचं आयुष्य, एवढाच तिचा संसार. पण इंटरनेटवर ती जमीनदारीण आहे. तिथे दुकानाची, शाळेची किंवा दवाखान्याची पाटी लावायची तर ते नाव आधी विकत घ्यावं लागतं, दर वर्षी त्याचे पैसे भरावे लागतात, आणि ते आधीच कोणी घेऊन ठेवलेलं असेल तर त्याच्या दाराशी जावं लागतं. शिकलेली माणसं याला डोमेन म्हणतात, आत्या नुसतं 'नाव' म्हणते. स्वस्तात नावं घ्यायची आणि गरजू आला की विकायची, हा तिचा निवृत्तीनंतरचा धंदा. सकाळी उठून लोक देवाचं नाव घेतात, आमची आत्या मिळेल ते नाव घेते.

हे वेड तिला नोकरीत असतानाच लागलं. तहसील कचेरीत ती अव्वल कारकून होती. सरकारी माणसांना संगणक शिकणं सक्तीचं झालं, तेव्हा चष्मा पुसत पुसत तीही वर्गात जाऊन बसली. शिकवणाऱ्या सरांनी बोलता बोलता सांगितलं, की इंटरनेटवर एखादं नाव मोकळं असेल तर ते कोणालाही घेता येतं. आत्यानं हात वर केला. "सर, जात विचारत्यात का?" सर म्हणाले, नाही. "बापाचं नाव?" नाही. "गाव कंचं, घर गावाच्या कोणत्या बाजूला, ते?" सर वैतागून म्हणाले, "नाही हो मॅडम, जो आधी येईल त्याचं नाव!" आत्यानं ते वाक्य वहीत उतरवून खाली रेघ मारली. सबंध नोकरीत इतका सरळ नियम आपण पाहिला नव्हता, असं ती अजूनही सांगते. त्याच आठवड्यात तिनं पहिलं नाव घेतलं आणि मग काही थांबली नाही.

नावं हेरण्याची तिची रीत पाहण्यासारखी आहे. लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांतून ती इतक्या गांभीर्यानं हिंडते, की मुलं तिला परीक्षा घ्यायला आलेली बाई समजून बाजूला होतात. दोन सरांनी मिळून काढलेला क्लास दिसला की ती बोर्डासमोर उभी राहून त्यांचे फोटो निरखते. "ह्या सरांचा फोटो औंदा मोठा झालाय, त्या सरांचा बारका. दिवाळीच्या आत फुटत्यात बघ." आणि बारक्या फोटोच्या सरांना पुढे लागणारं नाव ती त्याच दिवशी घेऊन टाकते. सर खरोखरच वेगळे होतात, नव्या क्लासचं नाव शोधायला जातात आणि ते आमच्या आत्याकडे निघतं. एकदा मी तिला म्हटलं, "आत्या, हे म्हणजे लोकांच्या भांडणावर पोट भरणं झालं." तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "भांडण मी लावलं का? भांडून दमल्यावर टेकायला पाट तेवढा मांडून ठेवलाय," ती म्हणाली.

घेताना ती अशी तरबेज, पण विकताना मात्र तिच्यातला व्यापारी कुठे जातो कोण जाणे. लोक मुलगी द्यायच्या आधी स्थळ बघायला जातात, तशी ती नाव द्यायच्या आधी गिऱ्हाइकाचं ठिकाण बघायला जाते. धर्माबादच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याला तिच्याकडचं एक नाव हवं होतं. आम्ही दोघं रेल्वेनं गेलो. त्याच्या आवारात लाल मिरच्यांचे ढीग होते, बायका देठ खुडत बसल्या होत्या आणि मी नाकाला रुमाल लावून शिंकत होतो. व्यापाऱ्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला. आत्यानं कप हातात घेऊन विचारलं, "या बायांचा चहा?" तो म्हणाला, "त्यांचा नंतर होतो बाई, तुम्ही घ्या." "मग माझाबी नंतर," असं म्हणून तिनं कप खाली ठेवला आणि पर्स उचलली. तो भाव वाढवत फाटकापर्यंत मागे आला. शेवटी ते नाव तिनं त्याच बाजारातल्या एका लहान दुकानदाराला पडत्या भावात दिलं, आणि परतीच्या गाडीत मला दोन वेळा बजावलं की धंदा भावनेनं करायचा नसतो.

हे झालं बाजारातल्या नावांचं. घरातल्या मुलांच्या नावांची गोष्ट वेगळी. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. आम्हा दोघा भावांना बहीण नाही, त्यामुळे आमच्या मुलांच्या बारशातही तो मान हिच्याकडेच राहिला. पंचशील म्हणून झालं, पाळणा सजला, आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका हात उगारून उभ्या राहिल्या, तरी आत्या आपली पाळण्याशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बघते आहे, नाव मोकळं आहे का! नसेल तर ते नाव बाद. असेल तर आधी पैसे भरायचे, आणि बँकेचा ओटीपी आल्याशिवाय कुर्र नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी ओटीपी यायला इतका उशीर झाला, की बाळ एक झोप काढून उठलं आणि पाहुण्यांनी बुंदी संपवली. अशी घरातल्या प्रत्येकाची जागा तिनं धरून ठेवली आहे आणि त्या जागेवर काहीएक नाही. माझं नाव टाकलं तर 'काम चालू आहे' एवढंच दिसतं, आणि ते काम कित्येक वर्षं चालू आहे. मी चेष्टा केली की म्हणते, "रिकामं हाय, पन आपलं हाय. ही नावं विकायची न्हाईत."

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं लातूरला, भर मे महिन्यात झालं. लाइट गेलेली, पत्र्याची खोली आणि खोलीत सगळं गणगोत. ठरवून ठेवलेली चांगली नावं एकामागून एक दुसऱ्या कोणी तरी घेतलेली निघत होती. "करुणा गेली. मैत्री गेली. प्रज्ञा तर कवाच गेली," असं आत्या पडलेल्या आवाजात सांगत होती. दारातून आत येणारी एक शेजारीण ते ऐकून, डोळ्यांना पदर लावून तशीच मागे फिरली. इतक्यात खिडकीतून जरासा वारा आला आणि माझी आई हुश्श करून म्हणाली, "आली बाई झुळूक!" आत्यानं मान वर केली, बोटं चालवली. 'झुळूक' मोकळं होतं. कोणी काही बोलायच्या आत ओटीपी आला, कुर्र झालं, धपाटे बसले. भाऊ पुढे बरेच दिवस मुलीला नुसतं 'बाळ' म्हणत असे. पण नाव तिच्या अंगाला बसलं. ती चालायला लागली, धावायला लागली, आणि तिला दुसरं काही नाव असू शकतं हेच आम्ही विसरलो.

यंदा उन्हाळा तोंडावर आला असताना आत्याला लातूरहून एका कूलरच्या कारखानदाराचा फोन आला. त्याला आपल्या नव्या कूलरचं नाव झुळूक ठेवायचं होतं. त्यानं सांगितलेली रक्कम ऐकून मी भिंतीला टेकलो. आत्या म्हणाली, "ते इकायचं न्हाई," आणि फोन ठेवून पुन्हा वाटाणे सोलायला लागली. हे मी भावाला सांगितलं. त्याच्या लातूरच्या घराचं काम स्लॅबपाशी अडलेलं. चारी भिंती उभ्या आणि वर आभाळ, आणि भाड्याच्या घराचा मालक रोज घर सोडा म्हणून मागे लागलेला. तो पहिल्या गाडीनं नांदेडला आला.

"आत्या, तो पोरीचं नाव काय पोत्यात भरून नेनार हाय का? नेटवरची जागा तेवढी जाईल. पोरगी माझ्याच घरात राहनार ना? त्या घराला आधी छत तर होऊ दे."

आत्या त्या दिवशीही वाटाणेच सोलत होती. तिनं त्याला समोर बसवलं. "तुझ्या आज्याचं नाव काय व्हतं?"

"राजाराम."

"आन् गावात?"

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाव आजोबांना कचरू म्हणत असे.

"घरात हौसेनं राजाराम ठिवलं. पन आपल्या वस्तीतल्या पोराचं नाव राजा कसं, म्हनून गावानं कचरू केलं. शाळेत तेच, कागदावर तेच, मरेपतोर तेच. त्येला कुनी इचारलं न्हाई. आता ह्या पोरीचं नाव मी माझ्या हातानं काढून देऊ?" आत्याचा आवाज चढला नव्हता. तिचे हात मात्र वाटाण्याच्या शेंगांवर तसेच थांबले होते.

भावानं तिच्यासमोरची एक शेंग उचलून सोलली. मग हळूच म्हणाला, "झुळूकला तरी कुनी इचारलं, आत्या? आपन दोघंच भांडून राहिलो."

आत्या नियमानं नोकरी केलेली बाई. मुद्दा पटला की तो आपल्या विरुद्ध आहे की बाजूनं, हे ती बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं लातूरच्या एसटीत बसलो. मुलगी नको म्हणाली तर भावाचं छत जाणार होतं, हो म्हणाली तर आत्यानं इतकी वर्षं जीव लावून राखलेलं जाणार होतं, आणि मला या दोघांपैकी कोणाचाही चेहरा पडलेला बघायचा नव्हता.

झुळूक दहावीत आहे. ट्यूशनहून आली, दप्तर टाकलं, उभ्या उभ्या आत्याचं सगळं ऐकून घेतलं. आत्यानं दोन्ही बाजू न्यायानं मांडल्या, अगदी राजारामापासून. मुलगी म्हणाली, "देऊन टाक की आजी."

"अगं, कूलरवर लिहितील तुझं नाव. दुकानात, रस्त्यावर, कुठंबी."

"लिहू दे. कुनी झुळूक म्हनून हाक मारली तर कूलर थोडाच ओ देनार हाय? ओ तर मीच देनार." एवढं बोलून ती खायला काय आहे ते बघायला आत गेली.

आत्या उठली आणि मला म्हणाली, "चल, ठिकान बघून येऊ." कारखान्यात तिनं कूलर चालू करायला लावला आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली. पदर उडत होता, चष्म्यावर तुषार येत होते, पण तिची बैठक ढळली नाही. "ह्याला हात लावल्यावर शॉक बसतो का?" कारखानदार तरुण होता, गोंधळून म्हणाला, "न्हाई मॅडम, अर्थिंग चांगलं हाय." "लिहून द्या. माझ्या पोरीच्या नावाला हात लावून कुनी चिकटायला नको." त्यानं खरोखरच लिहून दिलं.

भावाच्या भाड्याच्या घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडला, नाव त्याच्याकडे वळतं केलं, पैसे सरळ भावाच्या खात्यावर भरायला लावले. तिच्या नावांच्या यादीत जिथे झुळूक असं दिसत होतं तिथे आता काही दिसत नव्हतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "झुळूक!"

"ओ, आजी!"

"काही न्हाई."

थोड्या वेळानं पुन्हा, "झुळूक!" "ओ!" "पानी आन गं." भरलेला तांब्या तिच्या गुडघ्यापाशीच होता. त्या दुपारी ती अशी सारखी हाका मारत राहिली. भावजय तोंडाला पदर लावून हसत होती. मुलगी मात्र एकदाही कंटाळली नाही, प्रत्येक हाकेला आतून ओ देत राहिली. मलाही आधी हसू आलं, मग मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

परतीच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली होती. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. वाईट वाटतंय का, असं मी विचारलं. "न्हाई रे. पोरगी खरं बोलली." मग बाहेर बघतच म्हणाली, "माझ्या नावानं हाक मारनारं आता कुनी उरलं न्हाई बघ. माय गेली, दादा गेले. तुझा बाप माझ्यापरीस लहान, पन नावानंच बोलवायचा, तोबी गेला. आता ज्याची त्याची आत्या, न्हाईतर मॅडम." तक्रारीचा सूर नव्हता. मी विचारलं, "तुझं नाव मोकळं आहे का, बघितलंस कधी?" ती म्हणाली, "माझं? ते बघायचं ध्यानातच आलं न्हाई."

लोहा यायच्या आधी तिचा डोळा लागला. मान खिडकीवर कलली, चष्मा नाकावर घसरला. आत्याला नावानं हाक मारायची आपल्यात रीत नाही, आणि मला त्याचा संकोचही वाटत होता. तरी मी इकडेतिकडे बघून घेतलं आणि हलक्या आवाजात तिचं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढे आत्या वगैरे काही नाही.

डोळे न उघडता, लांबून कोणी घरात बोलावल्यावर द्यावी तशी, तिनं झोपेतच ओ दिली.