दोन रकाने निरंक

आमच्या गोपनीय शाखेत सांकेतिक संदेश उलगडणारे एक कारकून होते. कागदांना इतकी सरळ टाचणी लावत, की त्यांचं नावच ‘टाचणी’ पडलं. सव्वीस वर्षांत घरी त्यांनी कामाचा एक शब्द काढला नव्हता. बायको म्हणे, “लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्यांच्या तोंडात तिळाला मोड येतील.”

दर पाच वर्षांनी शाखेतल्या प्रत्येकाची पडताळणी होई. अर्जात ‘परदेशातील नातेवाईक’ आणि ‘परदेशस्थ व्यक्तींशी संपर्क’ असे दोन रकाने असत. टाचणी दोन्हींत ‘निरंक’ लिहीत. एका वर्षी पडताळणीचा माणूस त्यांच्या घरी गेला. बाईंनी चहा दिला आणि बोलता बोलता सांगितलं, “ह्यांचे एक काका असतात परदेशात. वर्षाला एक पत्र येतं.”

आठ दिवसांत टाचणींना सामानाच्या कोठीत बसवलं. कारण विचारलं, तर कारणही गोपनीय. तीन महिने ते अर्जांवर अर्ज करत राहिले, रजिस्टरं आठवून स्वतःचीच चूक शोधत राहिले. जेवण सुटलं. शेवटी तो चहा बायकोला आठवला आणि तिने काकांचं बोलणं सांगितलं.

ते तडक पडताळणी अधिकाऱ्यांकडे गेले.

“साहेब, ते माझे काका नाहीत. वडिलांबरोबर एका खोलीत राहिलेले सोबती. लहानपणापासून काका म्हणतो, एवढंच.”

“म्हणजे नातं नाही?”

“नाही.”

“मग परक्याशी पत्रव्यवहार. तो रकानाही निरंकच आहे.”

“अहो, काकांशी कसला पत्रव्यवहार? खुशाली कळवतात.”

“आत्ताच काका नाहीत म्हणालात.”

साहेब माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, “नातेवाईक लिहायचा राहिला, तर विसर म्हणून मिटवता येईल. संपर्क लपवला, तर नाही. चुलतकाका लिहा आणि सही करा.”

टाचणी अर्धा तास कोऱ्या कागदासमोर बसले. चुलतकाका लिहायचा, तर मेलेल्या आजोबांना एक भाऊ द्यायचा, त्या भावाला नाव द्यायचं. त्यांचा हात चालेना. शेवटी लिहिलं, ‘नातं नाही. पत्र येतं.’

महिनाअखेरीस नोकरी गेली.

“मी नुसतं ओळखीचे म्हणाले असते तर?” बायको रोज विचारी.

“तरी गेलीच असती.”

ते खरं होतं, पण तिला पटलं नाही. पुढे कोणी दारात आलं, की ती आत जाई आणि माणूस जाईपर्यंत बाहेर येत नसे.