जुनी नोंद पुसायची नाही

आईच्या पंच्याहत्तरीला सगळे पाहुणे अगदी वेळेवर पोचले. फक्त आमच्याकडे पोचले नाहीत.

आईची एकच इच्छा होती. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तिच्याबरोबर भजनं म्हणणाऱ्या अकरा मैत्रिणी आता अरेरा कॉलोनीपासून शाहपुऱ्यापर्यंत शहरभर पांगल्या आहेत. त्या सगळ्या एकदा एका पंगतीत बसायला हव्या होत्या. "पुढच्या वर्षी कोण असेल, कोण नसेल," ती म्हणाली. मी लगेच कामाला लागलो. (इथेच चुकलं.)

अकरा मैत्रिणींचे दिवसाला बावीस फोन! "मधू, जेवण कुठे रे? किती वाजता?" शेवटी माझी मुलगी मुग्धा वैतागली आणि तिने मेसेजला आपोआप उत्तर देणारा चॅटबॉट बनवला.

"बाबा, त्याला स्वतःची अक्कल नाहीये. त्याचं सगळं ज्ञान डेटाबेसच्या या एका छोट्याशा फाईलमध्ये. प्रश्नातले शब्द जिच्याशी जुळतील ती ओळ तो उचलून पाठवणार. बस! माहिती तेवढी तुम्ही भरा."

माहिती भरणं मला काय शिकवता! कारखान्याच्या रेकॉर्ड विभागात तेहतीस वर्षं काढली आहेत मी. तिथला पहिला धडा : जुना कागद फाडायचा नाही, त्याच्याखाली नवा लावायचा.

मी पहिली ओळ भरली : जेवण टाउनशिपच्या क्लबमध्ये. आठवड्याभरात क्लबमध्ये रंगकाम निघालं. दुसरी ओळ भरली : जेवण बिट्टन मार्केटजवळच्या हॉलमध्ये. त्यावर आई म्हणाली, "तिथे एकोणीस पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्यांचं काय?" हॉल रद्द केला आणि तिसरी ओळ भरली : जेवण आमच्या क्वार्टरच्या अंगणात, मागील दोन्ही नोंदी अधिक्रमित (म्हणजे रद्द). पहिल्या दोन ओळी अर्थातच जागच्या जागी!

त्या दिवशी बारा वाजता अंगणात बारा पानं मांडली. साडेबारा झाले. एक वाजला. आई नवी साडी नेसून फाटकाकडे बघत बसली होती. "विसरल्या असतील रे," ती हळूच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. "भाईसाहब, आपकी सात माताजी यहाँ किसी और की सगाई में बैठी हैं! पूछ रही हैं, बर्थडे वाली अम्मा किधर हैं? डीजे बंद करवा के भजन चालू कर दिए हैं!"

तो ठेवतो न ठेवतो तोच क्लबमधून सुलभामावशी. "मधू, इथे आम्ही चौघी आणि तीन रंगारी आहोत. लीलाच्या साडीला हिरवा रंग लागलाय. वाढणार कधी?"

मुग्धाने फाईल उघडली आणि किंचाळलीच. "बाबा! जुन्या ओळी डिलीट नाही केल्या?"

"डिलीट? कोणाच्या परवानगीने?"

"अरे यार, बाबा! जिने आधी जे ऐकलं तेच ती विचारणार. हॉल विचारला की बॉट हॉल सांगतो, क्लब विचारला की क्लब. अंगण कोण कशाला विचारेल?"

आई उठली. "श्रीखंडाचं पातेलं गाडीत ठेव. आधी क्लब, मग हॉल."

"आई, एकोणीस पायऱ्या..."

"गुडघे गेले खड्ड्यात! माझ्या मैत्रिणी बसल्यात तिथे."

क्लबमधून चौघींना (आणि थोड्या हिरव्या रंगाला) गाडीत कोंबून आम्ही हॉलवर पोचलो. आई एकोणीस पायऱ्या चढली, प्रत्येक पायरीवर माझा उद्धार करत. वर नवरीच्या वडिलांनी हात जोडले. "अम्मा, पहले आप लोग बैठिए." परक्याच्या साखरपुड्यात आई आणि अकरा मैत्रिणी एका रांगेत जेवायला बसल्या, आणि नवरा मुलगा आमचं श्रीखंड वाढू लागला. आई खुदखुदून हसत होती. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. "बघ मुग्धा," मी म्हणालो, "शेवटी दुसरी नोंदच खरी ठरली ना? म्हणून पुसायची नसते!"

मुग्धाने तिथेच उभ्या उभ्या अख्खी फाईल पुसली आणि एकच ओळ भरली. आता कोणी काहीही विचारो, चॅटबॉटचं उत्तर एकच : "बाबांना विचारू नका, आजीला फोन करा." ही ओळ कशी पुसायची ते तिने मला नीट शिकवलंय. रोज फाईल उघडतो, बोट बटणावर ठेवतो... आणि नोंद पुसायला हातच धजत नाही!