घडीचा चाकू

गाडी मिरजेहून सुटायला पाच मिनिटं उरली होती, तेव्हा आमच्या ह्यांनी खिडकीशी येऊन तिसऱ्यांदा तेच सांगितलं. "एका हातानं उघडला पाहिजे. एका हातानं मिटला पाहिजे. आणि आपल्याला परवडला पाहिजे. नाहीतर आणूच नकोस."

"लिहून देता का?" मी म्हटलं. म्हटल्यावर जीभ चावली, कारण ह्यांचा लिहिता हात दोन वर्षांपासून बाजूला नुसता लोंबत होता.

हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. खिशात कायम मिटता चाकू. गाठोड्याची सुतळी कापायला, लाखेची मोहोर खरवडायला, दुपारी काकडी चिरायला तोच. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली, नोकरी गेली, चाकू मात्र खिशात राहिला. तो उघडायला दोन हात लागतात. ह्यांना ते मान्य नव्हतं. ते पातं दातांत धरून उघडायचे. एके दिवशी पुढचा दात तुटला आणि ओठाला तीन टाके पडले. मी तो चाकू धान्याच्या डब्यात लपवला, तेव्हा हे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेही चाललं असतं. पण त्या दिवसापासून ह्यांनी माझ्याकडे काही मागणंच सोडलं. शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणून बिनबटणांच्या सदऱ्यावर भागवायचे, पण "लावून दे" म्हणायचे नाहीत. शेवटी मीच म्हटलं, की नवा आणते. मिरज-सांगलीत काही जमेना. नागपूरच्या इतवारीत सुईपासून बैलगाडीपर्यंत सगळं मिळतं असं कुणीतरी सांगितलं, आणि नेमकं शाळेनं मला तिथल्या चार दिवसांच्या विज्ञान-शिबिराला धाडलं.

नागपूरला उतरले ती डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत. आमच्याकडची थंडी शालीनं ऐकते, इथली ऐकत नाही. त्यात विधानसभेचं अधिवेशन भरलेलं. सगळ्या खोल्या आमदारांच्या माणसांनी अडवलेल्या, म्हणून आम्हा शिक्षिकांची सोय एका शाळेच्या वर्गात, सतरंजीवर. चौकाचौकात पोलीस, आणि दुपार झाली की कुठला ना कुठला मोर्चा. एक रस्ता बंद, म्हणून दुसऱ्यानं जावं तर तोही बंद.

पहिल्या दिवशी जेवणात सांबारवडी आहे म्हणाले. मी आपली इडलीसोबतच्या सांबाराची वाट बघत बसले, तर पानात आली कोथिंबिरीचं सारण भरलेली तळलेली गुंडाळी. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! वडी झकास होती हे कबूल करते, पण सोबतच्या रश्श्यानं माझ्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. वाढणारी बाई म्हणाली, "रडून काहून राहिल्या वं मॅडम? तिखट तं टाकलंच नाही अजून." त्याच वेळी मी धडा घ्यायला हवा होता, की मराठी तीच असली तरी शब्द आपलेच असतील असं नाही. घेतला नाही.

शिबिरातून सुटका झाली ती शेवटच्या दिवशी दुपारी. माझी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. म्हणजे हाताशी एकच दुपार.

आधी बर्डीच्या मोठ्या बाजारात गेले. तिथं एका काचेच्या दुकानात परदेशी चाकू होता. अंगठ्यानं ढकलला की उघडायचा, अगदी हवा तसा. किंमत ऐकली आणि पर्सची चेन उघडली होती ती तशीच लावून टाकली. मग सायकलरिक्षानं इतवारी. लोखंडी सामानाच्या ओळीतल्या पहिल्या दुकानात मी सरळ विचारलं, "एका हातानं उघडणारा चाकू आहे का?"

दुकानदार खिळे मोजत होता तो थांबला. "कोनाले पायजे?"

"आमच्या मिस्टरांना."

"काय करतेत मिस्टर?"

"काही नाही. घरीच असतात."

त्यानं एकदा माझ्याकडे आणि एकदा कोपऱ्यावरच्या पोलिसाकडे पाहिलं. आवाज उतरवून म्हणाला, "बाई, खटकेवाला चाकू आमी ठेवत नाही. गुंड लोकाइचा माल हाय तो. आन् ठेवत असतो तरी अधिवेशनात कोन इकते? तुमी मोर्च्यात आल्या का?"

मी एकोणीस वर्षं मुलींना शास्त्र शिकवते. आजवर मला कुणी गुंडाची बायको म्हटलं नव्हतं. तिथून तरातरा निघाले.

पुढच्या दुकानांतून मी शहाणपण केलं. कारण न सांगता नुसते चाकू दाखवायला सांगितले. ढीगभर निघाले. शिंगाच्या मुठीचे, पितळी, माशाच्या आकाराचे, आरसा लावलेले. सगळे नखाचे, म्हणजे पात्याला एक खाच असते, तिच्यात नख अडकवून ओढायचं. दुकानदार दोन हातांनी फटकन उघडून दाखवी आणि म्हणे, "पा, किती सोपं!" मग मी डावा हात पदरात गुंडाळायची आणि उजव्यानं झटापट करायची. अंगठ्यानं, दातांऐवजी गल्ल्याच्या कडेला टेकवून, गुडघ्यावर घासून. तीन दुकानांत मिळून दोन नखं तुटली. तिसऱ्या दुकानदारानं तर विचारलंच, "हात भाजला का जी?" मी "हो" म्हटलं. सांगणार तरी किती जणांना?

उन्हं कलली. कपाळ ठणकायला लागलं. वाटलं, कदाचित मीच मागणी फार विचित्र करते आहे. साधा, हलक्या बिजागिरीचा मिटता चाकू मागावा आणि जे मिळेल ते घेऊन सुटावं. रस्त्यावर एक रिक्षावाला उभा होता. त्याला म्हटलं, "दादा, साधा घडीचा चाकू कुठे मिळेल?"

"घडीचा?" त्याचा चेहरा उजळला. "पयलेच सांगा लागत होतं ना! बसा."

किती बरं वाटलं! शेवटी एक जाणकार भेटला. मोर्च्यामुळे त्यानं मला गल्लीबोळांतून अर्धं नागपूर हिंडवलं आणि अखेर एका ओळीपुढे ऐटीत रिक्षा थांबवली. "घ्या. किती पायजे तेवढे." मी वर पाहिलं. डावीकडून उजवीकडे सगळी घड्याळांची दुकानं.

उतरले ती रागानं नव्हे, थकून. पहिल्याच दुकानात एक म्हातारे कारागीर डोळ्याला भिंग लावून बसले होते. "घडीचा चाकू पाहिजे," मी म्हटलं, म्हणजे ते नाही म्हणतील आणि रिक्षावाल्याला चार शब्द सुनावता येतील.

"हाय ना," ते म्हणाले आणि खणातून बोटाएवढं बोथट पातं काढलं. "पन हा माह्या कामाचा. इकाचा नाही."

"हा मिटतो कुठे?"

"घडीचा चाकू कायले मिटन, बाई?"

"मग त्याला घडीचा कशाला म्हणता?"

"घडीचंच झाकन उघडते ना ह्यानं!" त्यांनी भिंग काढलं आणि बोट भिंतीकडे केलं. भिंतीवर पंधरावीस घड्याळं टिकटिकत होती. मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे घडी धोतराची, चादरीची. इथे घडी मनगटावर बांधतात. आणि सांबारवडीची बाई डोळ्यांपुढे असूनही मला हे सुचलं नव्हतं!

मी तिथल्या स्टुलावर बसले. हसायला येईना, रडायला लाज वाटेना. म्हाताऱ्यांनी पाणी दिलं. "काहून पायजे असा चाकू?" त्यांनी हळू विचारलं. आणि जे मी मिरजेत शेजारणीलाही सांगितलं नव्हतं ते ह्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. दात, टाके, धान्याचा डबा, सदरा, सगळं.

त्यांनी भिंग खणात ठेवलं. मग म्हणाले, "तं तुमी चाकूच्या दुकानात कायले फिरून राहिल्या? जो मानूस एका हातानं काम करते त्याचा चाकू पा. संत्र्याच्या बागेत कलमाचे डोळे बांधतेत, तवा एक हात काडीवर राह्यते. चाकू दुसऱ्याच हातानं उघडा लागते. बियान्याच्या दुकानात जा. दोन गल्ल्या सोडून. पायीच जा, रिक्षा नका करू."

बियाण्याच्या दुकानात पोत्यांची रांग आणि गिऱ्हाइकांची गर्दी. मालकानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "कलमाचा चाकू? हाय. पन बागवानाचा हाय तो. तुमच्या कामाचा नाही."

"माझं काम तुम्हाला काय माहीत?" मी इतक्या जोरात म्हटलं की सगळी गर्दी वळली. मालकानं गुपचूप चाकू पुढे ठेवला. साधी लाकडी मूठ, आखूड पातं, आणि पात्याच्या बुडाशी मुठीबाहेर डोकावणारी एक छोटी लोखंडी शेपटी. शेपटी अंगठ्यानं दाबली की पातं बाहेर. स्प्रिंग नाही, खटका नाही. किंमतही माझ्या आवाक्यातली. मी घाईनं डावा हात पदरात गुंडाळला आणि उजव्या अंगठ्यानं जोर लावला. तिसऱ्या खेपेला उघडला! मी आनंदानं बघितलं, तर शेजारी धोतर-टोपीतले एक काका माझ्याकडे टक लावून होते.

"अवं बाई," ते म्हणाले, "हे काय करून राहिली तू?"

मी थोडक्यात सांगितलं.

"कोनता हात चालते तुह्या मालकाचा?"

"डावा," मी म्हटलं, आणि तशीच थिजले. ह्यांचा डावा चालतो. आणि मी दुपारभर, चार दुकानांत, दोन नखं मोडून, उजव्यानं चाकू उघडत होते.

काकांनी हसू दाबलं, एवढं मात्र केलं. मी हात बदलला. डाव्या अंगठ्यानं शेपटी जागची हलेना. काकांनी नवा चाकू हातात घेऊन पाहिला. "नवा हाय ना. आवळ राह्यते. सा महिने चालवा लागते, तवा मोकळा होते."

"सहा महिने तो माणूस दातांनी उघडेल," मी म्हटलं.

काकांनी कोटाच्या खिशातून स्वतःचा चाकू काढला. मूठ हाताळून काळी पडलेली, पातं धार लावून लावून निम्मं झालेलं. माझ्या डाव्या तळव्यावर ठेवला. मी शेपटीवर अंगठा टेकवला आणि पातं अलगद बाहेर आलं. मांडीवर दाबलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"ने," ते म्हणाले. "नवा मी घेतो."

"जुना माल देऊन बाईले फसवून राहिला का गा?" मालकानं मागून खडा टाकला. गर्दी हसली.

"पण तुमचं काम अडेल," मी म्हटलं. "हंगाम आहे. हा आवळ आहे."

काका नवा चाकू खिशात घालत होते. "मले दोन हात हायेत ना वं," ते म्हणाले, आणि पोत्यांकडे वळून मालकाशी खताच्या भावावरून भांडायला लागले. मला आभार मानायलाही त्यांनी उसंत दिली नाही. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच.

परतीच्या गाडीत बायका विचारत होत्या, नागपुरात काय काय पाहिलं. किल्ला पाहिला नाही, तलाव पाहिला नाही. खिळे, घड्याळं आणि खताची पोती पाहिली. मला अजूनही त्या शहराची चीड येते, तिथल्या थंडीची, बंद रस्त्यांची, रश्श्याची. पण कुठल्याही गावात मी इतक्या वेळा मूर्ख ठरले नव्हते, आणि मूर्ख ठरल्यावर तिथल्यासारखं कुणी पाणीही दिलं नव्हतं.

घरी पोचल्यावर नागपूरहून आणलेली संत्र्यांची करंडी खाली ठेवली आणि चाकू ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"जुना आहे."

"हो."

"एवढ्या मोठ्या शहरात नवा मिळाला नाही?"

"मिळाला! ढिगानं मिळाले!" माझा तोल गेला. "चार दुकानं पालथी घातली, नखं मोडली, लोकांनी मला गुंडाची बायको ठरवलं. आधी उघडून तर बघा!"

ह्यांचा अंगठा शेपटीवर गेला. पातं बाहेर आलं. ह्यांनी ते मांडीवर मिटवलं, पुन्हा उघडलं. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. मग खाली वाकून करंडीची सुतळी गाठीपाशी एका झटक्यात कापली, पार्सल ऑफिसात कापायचे तशी, आणि चाकू मिटवून सदऱ्याच्या खिशात टाकला.

करंडीतून एक संत्रं उचललं. थोडा वेळ हातात फिरवलं. मग माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे तेवढं सोलून दे."

मी "हात धुऊन येते" म्हटलं आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिले.