सुरात रडायची तालीम

प्रेमदासच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. साल दोन हजार नऊ. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचा हा आश्रमशाळेचा मास्तर बाहेरून एम.ए. करत होता आणि नाट्यविचाराच्या पेपरात दोनदा आपटला होता. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून रविवारी एसटीनं वसमत गाठायचं आणि नेट कॅफेत एका प्राध्यापकाची व्याख्यानं बघायची. प्राध्यापक बोलायचे मोठे गोड. नटानं दुःख खरंच भोगावं की नुसतं दाखवावं, असा प्रश्न टाकायचे, आणि आता उत्तर देणार तोच पडद्यावर ते मेलं चक्र फिरायला लागायचं. ते थांबलं तर वीज जायची. उत्तर काही हाती लागेना.

वैतागून घरी यावं तर तिथं वेगळंच. धाकट्या बहिणीचं, शिलाचं, लग्न तोंडावर आलेलं आणि आई भिकाबाई तिला ढावलो शिकवत बसलेली. तांड्यावरची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गाण्यात रडते, तो ढावलो. रोज संध्याकाळी रडायची तालीम! शिला मध्येच हसायची, आई टपली मारायची, की पुन्हा पहिल्यापासून.

"शिकवून कुठं रडू येतंय काय? ढोंग हाय समदं," प्रेमदास एकदा खेकसला आणि पुस्तक आपटून बाहेर गेला. त्यातून मुलाकडच्यांनी लग्न नेमकं पेपरच्या आदल्या दिवशी धरलेलं. नवरीच्या पाठोपाठ भावानं तिच्या सासरी जायचं ही रीत. म्हणजे पेपर बुडालाच. पण पेपरपेक्षा त्याला राग होता तो घरात कोणाला त्याचं सोयरसुतक नाही याचा.

निघायच्या वेळी शिलानं ढावलो धरला. काकू, मावशी, शेजारणी, सगळ्यांच्या गळ्यात पडून झालं, पण कुठं सूर ढळला नाही. प्रेमदास हाताची घडी घालून उभा होता. हिचे डोळे ओले आहेत की कोरडे, एवढंच तो निरखत होता. शेवटी ती त्याच्या गळ्यात पडली. एक कडवं गायली, आणि दम घ्यायला थांबली तेवढ्यात त्याच्या कानाशी म्हणाली, "भिया, उद्या तुझा पेपर हाय. तू संगं येऊ नको. तुझ्या जागी फुलसिंग काका येतो म्हणलाय."

आणि पुढचं कडवं तिनं बराबर सुरात उचललं.

प्रेमदासला मात्र काही आवरेना. भर मांडवात तो तिला धरून लेकरासारखा हमसून हमसून रडला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत गात राहिली.