निळं तिकीट

मी तिला शब्द दिला होता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, शॉमबर्गला राहायचो. मुलीच्या शाळेतल्या पालकांनी एक फंड चालवला होता, नुकत्याच आलेल्या गरीब चिनी कुटुंबांतल्या मुलांसाठी. थंडीचे कोट, वह्या आणि शनिवारची शिकवणी. गणित माझ्याकडे होतं. त्यातली सहावीतली एक मुलगी, माझ्या मुलीच्या मराठी मैत्रिणींचं ऐकून, मला काका म्हणायची.

एका शनिवारी मी माझं सँडविच तिच्यापुढे सरकवलं. तिनं ते असं संपवलं की मी विचारलं, "शाळेत जेवत नाहीस का गं?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग सांगितलं. फुकट जेवणाचं तिकीट निळं असतं, पैसे भरणाऱ्यांचं पांढरं. रांगेत सगळ्यांना दिसतं. म्हणून ती मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसते. मैत्रिणींना सांगते, आमचं रेस्टॉरंट आहे, मला शाळेतलं आवडत नाही. तिचे वडील त्या रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचे.

"कुणाला सांगणार नाही ना, काका?"

"नाही सांगणार. प्रॉमिस."

त्या वसंतात फंडाचा कार्यक्रम झाला आणि भाषण माझ्याकडे आलं. लहानपणी मी वक्तृत्व स्पर्धा जिंकायचो. शेवटी एखादं उदाहरण द्यायचं, परीक्षकांचे डोळे भरले पाहिजेत, हे हाडात मुरलेलं. शिवाय आमच्या घरी गरिबी लपवायची गोष्टच नव्हती. वडील वार लावून जेवले आणि शिकले, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. पाहुणे आले की हे ते सांगायचे, जरा ताठ बसून. उपाशी राहून शिकणं म्हणजे छातीवरचं पदक. तिच्याही छातीवर मी ते लावतोय, असं मला खरंच वाटलं. आणि नाव तर घेणारच नव्हतो.

"आपल्या सहावीत एक मुलगी आहे," मी सुरुवात केली. तिकीट सांगितलं, लायब्ररी सांगितली, वडिलांची भांडी सांगितली. ती मागे मैत्रिणींबरोबर बसली होती. त्यांतली एक वळून तिच्याकडे बघायला लागली, मग दुसरी. मला ते दिसलं. मी वाक्य पूर्ण केलं.

"काय बे, रडवलं ना सगळ्यांना!" पार्किंग लॉटमध्ये नागपूरच्या मित्रानं पाठीत थाप मारली. बायको म्हणाली, "घरी एवढं बोलत जा की कधीतरी." आम्ही हसलो.

सोमवारी तिच्या टीचरनं मला बोलावलं. वर्गात टीचर आणि ती मुलगी, दोघीच होत्या.

"ती म्हणते, हे तिनं तुम्हाला गुपित म्हणून सांगितलं होतं. तुम्ही प्रॉमिस केलं होतं. खरं आहे का?"

टीचरचा आवाज मऊ होता. हो म्हटलं असतं तरी काही आभाळ कोसळलं नसतं. पण सगळी शाळा तेव्हा मला चांगला माणूस म्हणत होती, आणि परक्या देशात ते किती गोड लागतं, काय सांगू!

"नाही," मी म्हणालो. "तसं काही ती बोलली नव्हती." आणि घाईनं तिला म्हणालो, "मी तुझं नाव तरी घेतलं का?"

"सहावीत चिनी मी एकटीच आहे, काका."

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मी अजून खरं बोलेन म्हणून. टीचर तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कधी कधी आपण मनात म्हणतो आणि वाटतं, बोललोच. यांनी तुझ्यासाठी इतकं केलंय. सॉरी म्हण."

तिनं मला सॉरी म्हटलं.

"इट्स ओके," मी म्हणालो.

शनिवारी ती आली नाही, नंतरही कधी नाही. उन्हाळ्यात ते कुटुंब कुठेतरी निघून गेलं. त्या वर्षी फंडाला भरभरून मिळालं आणि माझं कौतुक झालं. विश्वासघात हा शब्द मी बरीच वर्षं इतरांसाठी वापरला, माझी बढती अडवणाऱ्या बॉससाठी, फिरलेल्या दोस्तांसाठी. तेव्हा दर वेळी तिची ती नजर आठवायची आणि मी विषय बदलायचो.

त्या दिवशी माफी तिनं मागितली. ती मी मागायची होती, आणि अजून मागितलेली नाही. ती खोटं बोलत नव्हती, मी बोलत होतो, हे तिच्या टीचरला सांगणंही माझ्याकडून तिचं देणं आहे.