डावीकडचं दार

आमच्या घरात भुताखेतांना कधी थारा नव्हता. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, पक्के आंबेडकरी. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की "आधी त्याला जेवू घाला" म्हणायचे. मीही त्यांच्यावरच गेलोय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण मनात ठेवून जीव जायची वेळ आली आहे.

मागच्या वर्षी आई गेली आणि बाबांनी अन्न टाकलं. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, मनाला लावून घेतलंय. मला एकच सुचलं – बाबांची जुनी जीप. नाशिकरोडला आमच्या घरामागच्या शेडमध्ये ती गंजत पडली होती. आईला घेऊन ते तिच्यातून मनमाडवरून नांदगावला जायचे, आईच्या माहेरी. म्हटलं, जीप उभी राहिली तर माणूसही उभा राहील.

गाड्यांचे पत्रे ठोकून रंगवणारे ओळखीचे डेंटर रफिकभाई शेडमध्येच काम करायला तयार झाले. बॉनेट, मडगार्ड, दारं, सगळं उतरवलं. दार काढण्याआधी बिजागरीभोवती खिळ्यानं खूण करतात, म्हणजे परत बसवताना जागा चुकत नाही. डावीकडच्या दाराला मात्र त्यांनी खूण केली नाही.

"ये तो पहलेसेच लटका हुआ है भाऊ. याला नवीनच सेट करू."

लटकणारच! आईचे गुडघे गेलेले. ती दार धरून, सगळा भार त्याच्यावर टाकून वर चढायची. मग बाबा फिरून यायचे, दार जरासं उचलून लावायचे आणि खेकसायचे, "एक दिवस उपटून हातात देशील!"

रंग झाला, नव्या बिजागऱ्या बसल्या, दार बोटानं लागायला लागलं. दुसऱ्या सकाळी बघतो तर ते खाली आलेलं, कडेचा नवा रंग खरवडलेला. रफिकभाईंनी परत बसवलं. शेडला कुलूप, चावी माझ्या खिशात... सकाळी पुन्हा तेच. शेवटी वैतागून त्यांनी बिजागऱ्या वेल्ड केल्या. सकाळी वेल्डिंग शाबूत, आणि दार लटकलेलं!

"भाऊ, कुणीतरी याला धरून चढतंय," एवढंच बोलून रफिकभाईंनी हत्यारं गोळा केली.

आमचं बोलणं ऐकून बाबा भिंत धरत धरत आले. दाराकडे बघत राहिले. मग ते जरासं उचलून लावलं आणि म्हणाले, "सांगून ऐकेल तर शपथ."

त्या दुपारी बाबा पोटभर जेवले.

मग मी दुरुस्तीचं नावच काढलं नाही. बाबा रोज सकाळी शेडमध्ये जायचे, दार उचलून लावायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि येऊन चहा मागायचे. मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मी खूश होतो.

आणि एका सकाळी दार सरळ होतं. अगदी सरळ.

बाबांनी ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "आज आली नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही आली नाही. ताट पुन्हा बाजूला सरकायला लागलं. मी रफिकभाईंच्या हातापाया पडलो, वेल्डिंग कापून दार मुद्दाम खाली घ्यायला लावलं. बाबांनी ते उचललं आणि लगेच सोडून दिलं.

"हे तिचं नाही रे," म्हणाले.

त्यानंतर ते शेडमध्ये गेले नाहीत. महिन्याभरात बाबाही गेले.

जलदानविधी आटोपून शेड उघडली, तर रफिकभाईंनी खाली घेतलेलं दारही सरळ झालेलं. दार का लटकत होतं ते मला माहीत नाही, का थांबलं तेही नाही. विज्ञान मानणारा माणूस मी, पण आता रोज सकाळी कामावर जाण्याआधी ते दार धरून सगळं वजन टाकून लटकतो. ते तसूभरही हलत नाही.

बोटानं लागतं.